आडवं पडून कुलूप तपासणारा मेव्हणा

तराजू सर बिझनेस स्कूलमध्ये निर्णयशास्त्र शिकवायचे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त कुरिअरवाले वाचत. विद्यार्थ्यांनी दिलेलं नाव पडायला कारण होतं. सरांना काहीही विचारलं, अगदी खिडकी उघडू का म्हणून विचारलं, तरी ते आधी उघडण्याच्या बाजूने बोलत, मग न उघडण्याच्या बाजूने, आणि तोवर तास संपलेला असे.

यात दोष सरांचा कमी आणि पद्धतीचा जास्त होता. तिथे सगळं शिक्षण केसवर चालायचं. केस म्हणजे एखाद्या खऱ्या धंद्याची गोष्ट. ती ऐन पेचात आणून सोडायची आणि विचारायचं, आता मालकाने काय करावं? मग वर्गाने भांडायचं. मास्तरांनी स्वतः उत्तर द्यायचं नाही. शेवटी 'केसला बरोबर उत्तर नसतं' असं म्हणायचं आणि हात झटकायचे. सर हे वाक्य इतक्या गंभीरपणे म्हणत, की आपल्याला काहीच मिळालेलं नाही हे पोरांच्या लक्षात यायला पार्किंगपर्यंत जावं लागे.

केस लिहिण्याची आणखी एक रीत होती. कोणाच्या घरच्या भानगडी चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून नाव, गाव, माल, सगळं बदलून टाकायचं. सरांनी तरुणपणी लिहिलेली 'कुलूप कारखाना' ही केस अशीच वेषांतर केलेली होती आणि ती गाजली होती. कारखान्याचा मालक भला माणूस. मालाची तपासणी बायकोच्या भावाकडे. तपासणीचं मशीन बाजारात आलेलं. ते घेतलं तर मेव्हण्याला काम उरत नाही, नाही घेतलं तर गिऱ्हाईक टिकत नाही. मालकाने काय करावं? अठरा वर्षं सर ही केस शिकवत होते. शिकवून शिकवून त्यांना त्या कारखान्यातला लोखंडाचा वाससुद्धा आठवायला लागला होता.

केसमध्ये एक वाक्य मात्र कोणालाच उलगडलं नव्हतं: 'दुपारच्या जेवणानंतर मेव्हणे तयार माल आडवे पडून तपासतात.' यावर अनेक बॅचनी डोकं चालवलं होतं. एका गटाचं म्हणणं, डोळा किल्लीच्या भोकाच्या पातळीत यावा म्हणून. एका मुलाने तर शरीराची ठेवण आणि तपासणीचा दर्जा यावर अख्खा प्रकल्प लिहून पहिला नंबर काढला होता. सरांना विचारलं की ते म्हणत, "या वाक्यात कामाच्या संस्कृतीचा गाभा आहे." ते आपण का लिहिलं होतं, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना फोन शहाणे झाले.

एका सोमवारी सरांनी वर्गाला विचारलं, "बोला, मालकाने काय करावं?"

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, कोणाचं उत्तर वाचू? सगळ्यांचं एकच आहे."

"असं कसं होईल?"

"फोनने दिलंय ना सर. एकीकडे कौटुंबिक जिव्हाळा, दुसरीकडे कार्यक्षमता. दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करावा. आणि शेवटी म्हणतो, अशा प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसतं."

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, तुमच्याच तालमीत तयार झालाय."

सरही हसले. पण स्टाफरूममध्ये त्यांची कॉफी तशीच गार झाली. फोन चुकला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तो हुबेहूब त्यांच्यासारखं बोलला होता, तेही अर्ध्या मिनिटात आणि पगार न घेता.

त्याच आठवड्यात संचालिकाबाईंनी बैठक बोलावली. बाई नवीन होत्या. आधी त्या विमान कंपनीत होत्या, त्यामुळे रिकामी खुर्ची दिसली की त्या लगेच तोटा मोजायला लागत. आणि स्कूलमध्ये सध्या खुर्च्याच खुर्च्या होत्या.

"नोकरी सोडून, दोन वर्षं घालवून शिकायला आता कोणी येत नाही," त्या म्हणाल्या. "लोकांना शनिवारी शिकायचंय, आणि लागेल तेवढंच शिकायचंय."

हिशोबाचे प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे आपण काय सुट्या भागांचं दुकान काढायचं?"

"काढलंय. शनिवारची बॅच सुरू होऊन महिना झाला. तुम्ही मेल वाचत नाही." मग त्या तराजू सरांकडे वळल्या. "त्या बॅचला तुमचे दोन तास आहेत. दुसरा तास संपला की बॅच सांगेल, विषय ठेवायचा की काढायचा. काढायचा म्हणाली, तर तो सगळीकडूनच जाईल. स्पष्ट सांगते सर, तुमचा विषय काठावर आहे."

"याच्या दोन बाजू आहेत, मॅडम. एकीकडे..."

"माझ्याकडे एकच बाजू आहे सर. खुर्ची भरलीय की रिकामी."

विषय गेलेल्या माणसाचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला ग्रंथालय समितीवर टाकत. ग्रंथालयात आता पुस्तकं उरली नव्हती. समिती मात्र होती, आणि तिच्यावरची माणसं दिवसभर एकमेकांना वर्तमानपत्राची पानं देत बसत.

घरी सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकदा तरी कोणाला सरळ उत्तर देऊन बघा. आपलं लग्न ठरताना तुम्ही इतका वेळ गप्प बसलात, की शेवटी तुमच्या आईनेच हो म्हटलं."

"तो प्रश्नच तसा गुंतागुंतीचा होता," सर म्हणाले, आणि हे वाक्य आपण बोलायला नको होतं, हे त्यांना लगेच कळलं.

शनिवारची बॅच म्हणजे कामाधंद्याची माणसं. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या एक बाई होत्या. दातांचे एक डॉक्टर होते, लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, आणि मागच्या भिंतीला टेकून बसणारे, गाद्यांचा कारखाना असलेले एक काका होते. हे गादीवाले काका सगळं टिपून घेत आणि काही बोलत नसत. सकाळभर राबून आलेल्या या मंडळींना जांभया देण्याचा संकोच नव्हता.

सरांनी 'कुलूप कारखाना' वाचायला दिली. लिफ्टवाल्याने लगेच हात वर केला. "सर, कुलूप आडवं पडून कसं तपासतात?"

"चांगला प्रश्न आहे," सर म्हणाले. "या वाक्यात कामाच्या संस्कृतीचा..."

"कुलूप नाही हो," मागच्या भिंतीपासून आवाज आला. गादीवाले काका उभे राहिले होते. "गादी. गादी तपासतो तो. तो माझा मेव्हणा आहे. सर, ही माझी गोष्ट आहे! तुम्ही आला होतात आमच्याकडे. बारीक होतात तेव्हा. चेक्सचा शर्ट होता. सगळ्यांशी बोललात, आणि गेलात ते गेलातच."

सरांना सगळं एकदम आठवलं. केस लिहून झाल्यावर त्यांनी जिथे जिथे 'गादी' होती तिथे तिथे 'कुलूप' घातलं होतं. या एका वाक्यात मात्र गादी म्हणून शब्दच नव्हता. तिथे नुसता 'माल' होता. म्हणून ते वाक्य वेषांतरातून निसटलं, आणि पुढे अठरा वर्षं त्याच्यावर प्रकल्प झाले.

"म्हणजे किल्लीचं भोक वगैरे..." डॉक्टर म्हणाले.

"काही नाही. जेवण झालं की तो गादीवर झोपतो."

वर्गात जे हसू फुटलं, ते शेजारच्या वर्गातून कोणीतरी येऊन दार लावून गेल्यावरच थांबलं. सरही हसत होते, पण त्यांना घाम आला होता. ड्रायव्हिंगच्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, "मग काका, पुढे काय केलंत? मशीन घेतलं की मेव्हण्याला ठेवलं?"

काकांनी आश्चर्याने बाईंकडे पाहिलं. "मी? मी काहीच केलं नाही. सरांनी सोडलं तिथेच आहे मी."

"अठरा वर्षं?"

"अहो, घरचा माणूस आहे. आज बोलू, उद्या बोलू. आता मुलगी मोठी झालीय. कारखान्याची धावपळ तीच करते, पण सही माझी. ती म्हणते, बाबा, मशीन आणा आणि मामाला घरी बसवा, नाहीतर मी दुसरीकडे नोकरी धरते. मामा की मी, सांगा. पुढच्या रविवारपर्यंतची मुदत दिलीय तिने. म्हणून तर या कोर्सला नाव घातलं मी. निर्णयशास्त्र लिहिलं होतं ना." मग ते सरांकडे वळले. "आता तुम्हीच भेटलात म्हणजे काळजी मिटली. गोष्ट तुम्हीच लिहिलीय, शेवटही तुम्हीच सांगा."

सर म्हणाले, "काका, केसला बरोबर उत्तर..."

"पुढच्या शनिवारी सांगा. घाई नाही," काका म्हणाले आणि निश्चिंतपणे खाली बसले.

ही बातमी जिना चढून संचालिकाबाईंकडे पोचली. त्या स्वतः उतरून सरांकडे आल्या. "जिवंत केस! सर, हे दुसऱ्या कुठल्या स्कूलकडे आहे का? पुढच्या शनिवारी कॅमेरा लावू. वेबसाइटवर टाकू. तुम्ही फक्त जोरदार उत्तर द्या."

"कुठलं उत्तर, मॅडम?"

"ते तुम्ही ठरवा. विषय तुमचा आहे. सध्या तरी."

सरांचा तो आठवडा वाईट गेला. एका दुपारी त्यांनी चोरून फोनला विचारलं. फोनने दोन्ही बाजू मांडल्या, आणि त्या सरांना मनापासून पटल्या. त्यामुळे ते आणखीच खचले.

दुसऱ्या शनिवारी वर्गात कॅमेरा होता, मागच्या बाकावर संचालिकाबाई होत्या, आणि गादीवाल्या काकांच्या शेजारी एक गुटगुटीत, प्रसन्न चेहऱ्याचा गृहस्थ होता. दाराशी एक तरुणी हाताची घडी घालून उभी होती.

काका ओशाळून म्हणाले, "हा मेव्हणा. मी विषय काढला तर म्हणाला, मीही येतो. आता नको कसं म्हणणार? आणि ही मुलगी. टेम्पो तिनेच चालवत आणला."

"चालू द्या, चालू द्या," मामा म्हणाला. "माझ्याबद्दल अठरा वर्षं बोलताय, मीही ऐकतो थोडं."

सुरुवात डॉक्टरांनी केली. "किडलेला दात लवकर काढलेला बरा. ठेवला की शेजारचे खराब होतात."

"डॉक्टर, मी समोरच बसलोय," मामा म्हणाला.

"मी उदाहरण दिलं."

"उदाहरणाला पण दुखतं हो."

ड्रायव्हिंगच्या बाई काकांना म्हणाल्या, "काका, राग मानू नका. तुम्ही अठरा वर्षं क्लच दाबून बसलाय. गाडी पुढे जात नाही आणि पाय मात्र दुखतोय."

मामाने आपली बाजू मांडली. "मशीन काय सांगणार? जाडी सांगेल, वजन सांगेल. पाठीला कसं वाटतं, ते सांगेल का? त्याला पाठ आहे का?"

"मामा, तू तपासत नाहीस," दारातून मुलगी म्हणाली. "तू घोरतोस."

"घोरलो म्हणजे माल पास."

पुन्हा हशा झाला. कॅमेरावाल्याचाही हात हलला. काका मात्र हसले नाहीत. ते सरांकडे पाहत होते. "सर, आता तुम्ही सांगा."

सर उभे राहिले. "एकीकडे..." त्यांनी सुरुवात केली, आणि सगळ्या बॅचने एकदम उसासा टाकला. मागच्या बाकावर संचालिकाबाईंनी डोळे मिटले.

सरांनी मामाकडे पाहिलं. हा माणूस वाईट नव्हता. तो आपलं काम मन लावून करत होता, रोज तेच, त्याच वेळी, त्याच पद्धतीने. ते काम आता एक यंत्र करू शकत होतं आणि हे त्याला अजून पटलेलं नव्हतं. सरांना तो माणूस फार ओळखीचा वाटला. आणि अशा माणसाचं काय करावं, हे आपल्याला नक्की ठाऊक आहे, असंही त्यांच्या लक्षात आलं. तेवढं कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"काढा," सर म्हणाले.

"काय?"

"मशीन घ्या. कारखाना मुलीच्या हातात द्या. मामांना घरी बसवा. आजच."

उत्तर एवढंसं असतं, याचं सरांना नवल वाटलं. तास अजून बराच शिल्लक होता.

गादीवाले काका उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कोणाला घरी बसवा? तुम्ही कोण सांगणारे? पुराचं पाणी कारखान्यात शिरलं, सगळा माल भिजला, तेव्हा हा माणूस एकेक गादी उन्हात उलटीपालटी करत उभा होता. एकटा! तुमचा कोणी मेव्हणा आहे का?"

"नाही."

"म्हणूनच! चूक आहे तुमचं उत्तर. साफ चूक!"

एरवी इथे सर म्हणाले असते की तुमच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पण एकदा एका बाजूला उभं राहिल्यावर तिथली जमीन त्यांना बरी वाटायला लागली होती. "का चूक, ते सांगा," ते म्हणाले. "गाद्या वाळवल्या, उपकार झाले. पण गिऱ्हाईक उपकारावर झोपत नाही, गादीवर झोपतं."

"गिऱ्हाइकाचं मला सांगू नका!"

"कोणीतरी सांगायलाच पाहिजे. तुमची मुलगी दारात उभी आहे. उद्या ती तिथेही नसेल."

"ती कुठे जातेय? कारखाना तिचाच आहे. आजच देतो! मशीनही घेतो, नाही कोण म्हणतंय? हजार मशीन घ्या म्हणावं! पण मामा राहणार! त्याला घरी बसवायचं नाव काढलं तर याद राखा!"

काका थांबले. आपण काय बोललो, ते त्यांना बाकी सगळ्यांच्या नंतर ऐकू आलं असावं.

मुलगी दार सोडून आत आली. "बाबा, ते परत बोला."

"कुठलं?"

"आजच देतो म्हणालात ते."

काकांनी मेव्हण्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "दिला," ते हळूच म्हणाले. "पण मामा राहणार."

"राहू दे. पण माझ्या हाताखाली. आणि कारखान्यात झोपायचं नाही."

"झोपायचं नाही, तर तपासायचं कसं?" मामाने विचारलं.

"ते मशीन करेल. तू दुकानात जायचं. काचेच्या मागे गादीवर झोपायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, झोप म्हणजे काय असते. तुझ्यासारखं झोपणारा दुसरा माणूस नाही, मामा. हे मी टोमण्याने म्हणत नाहीय."

मामाने थोडा विचार केला. "दुकानात एसी आहे का?"

"आहे."

"मग आपली काही हरकत नाही. उगाच एवढी वर्षं घरात सगळे कुजबुजत होते. मला वाटायचं, कोणाला काही दुखणं आहे की काय."

संचालिकाबाई पुढे आल्या. त्यांनी बॅचला विचारलं, निर्णयशास्त्र ठेवायचं की काढायचं? फोनवर कळवा, नाहीतर तोंडी सांगा. सर पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागले.

"ठेवा," ड्रायव्हिंगच्या बाई म्हणाल्या. "सरांचं उत्तर चुकलं, हे उघड आहे. पण चुकलं म्हणून तर काका भडकले, आणि भडकले म्हणून त्यांना सुचलं. फोन असा कधी चुकायचा नाही. तो चुकीच्या जवळपासही फिरकत नाही."

"ठेवा," लिफ्टवाला म्हणाला. डॉक्टरांनीही मान हलवली. मग सगळे काकांकडे बघायला लागले, कारण कॅमेरा त्यांच्याकडेच होता.

"माझ्या मेव्हण्याला घरी बसवायला सांगितलं यांनी," काका म्हणाले. राग अजून उतरला नव्हता. "मी तर काढाच म्हणणार होतो." फळ्यावरचा हात थांबला. "पण ठेवा. एक अट आहे. सरांनी आधी मामाची माफी मागायची."

संचालिकाबाईंनी सरांकडे अशा नजरेने पाहिलं, की मागून टाका आणि मोकळे व्हा. मागणं सोपं होतं. सर वळले, तर मामाही उत्सुकतेने पाहत होता.

"नाही मागणार," सर म्हणाले. "माझं मत अजून तेच आहे."

मामाच घाईघाईने उठला आणि त्याने सरांचा हात हातात घेतला. "नका बदलू सर. तुम्ही मत बदललंत, तर दाजी परत विचारात पडतील. मग मी पुन्हा कारखान्यात, आणि तिथे पंखासुद्धा धड नाही."

काकांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची मागे सारली. "ठेवा," ते म्हणाले. "माफी राहू दे."

बॅच पांगली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, पुढे कोणी बसायचं यावरून मामा-भाचीचा वादही ऐकू आला. कॅमेरावाला वायर गुंडाळत होता. संचालिकाबाई सरांच्या टेबलापाशी आल्या.

"विषय राहिला. पण यापुढे रोज उत्तर द्यायचं, सर. चुकलं तरी चालेल. चुकलं तर उत्तमच. सोमवारच्या मुलांनाही द्या, त्यांच्या खुर्च्या फार डुलक्या काढतात. आणि पुढच्या सत्रात शनिवार घेताय की रविवार?"

"शनिवार," सर म्हणाले.

संचालिकाबाईंनी बाकीच्या वाक्याची थोडी वाट पाहिली. ते आलं नाही, तेव्हा त्या निघून गेल्या.

सर जिना उतरत होते. वळणावर ड्रायव्हिंगच्या बाई कोणाशी तरी फोनवर बोलत उभ्या होत्या. त्यांनी फोन कानापासून दूर धरला. "शनिवार म्हणालात का, सर? रविवार बरा होता हो. शनिवारी माझ्या सगळ्या गाड्या बाहेर असतात. आणि डॉक्टरांनाही रविवारच सोयीचा."

सर पायरीवर थांबले. बाईंचं म्हणणं खरं होतं. रविवारच्या बाजूने बरंच काही बोलण्यासारखं होतं.

"झालं आता, बाई," ते म्हणाले आणि कोणी आणखी काही विचारायच्या आत भरभर पायऱ्या उतरून गेले.